मोजणीची वही

तिच्या अंगावर दिमाखाचं काही नाही. तळहातात मावेल एवढी, पाण्यानं न भिजणाऱ्या कागदाची, कडांवर चिखल वाळलेली. हेल्मेट, दिवे, दोर हे सगळे फोटोत येतात. ही कुणाच्या तरी सदऱ्याच्या आत असते. पण अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत मोजणीच्या गटानं कुठं थांबायचं, पुढं कधी सरकायचं आणि दिवसभराची मेहनत जमेला धरायची की नाही, हे तिच्यावर ठरतं.

१९५७ साली स्थापन झालेल्या केव्ह रिसर्च फाउंडेशनचे स्वयंसेवक तिला घेऊन आत उतरतात. पगार कुणालाच नाही. आपापल्या नोकऱ्यांतून रजा काढून, पदरमोड करून यायचं आणि दहा-बारा तास जमिनीखाली सरपटायचं. नवा गडी मनात भलतंच काही घेऊन येतो. आजवर कुणी न पाहिलेलं दालन आपल्याच दिव्यात उजळणार, वगैरे. पहिल्या खेपेला त्याच्या हाती देतात टेपचं टोक. सांगितलेल्या बिंदूवर ते घट्ट धरून बसायचं, एवढंच. वही त्याच्या वाट्याला लवकर येत नाही.

तिचा स्वभाव जुन्या तलाठ्याचा. तोंडी सांगितलेलं चालायचं नाही, नोंद दाखवा. डाव्या पानावर रकाने: कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत, अंतर किती फूट, होकायंत्रावर दिशा किती अंश, चढ किती की उतार किती, शिवाय त्या बिंदूपासून डावी भिंत, उजवी भिंत, छत आणि जमीन किती लांब. उजव्या पानावर चित्र: दगड कुठं कोसळलेत, पाणी कुठून झिरपतंय, कुठली फट पुढं जाईलशी वाटते. होकायंत्रवाला आकडा ओरडतो, वहीवाला तोच आकडा मोठ्यानं परत म्हणतो आणि मग लिहितो. नंतर पलीकडच्या टोकावरून उलटी दिशा वाचायची. दोन्हींचा मेळ दोनेक अंशांच्या आत बसला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. हेल्मेटवरचा दिवा फार जवळ गेला तरी काटा फसतो, म्हणून वाचणारा चिखलात आडवा पडून, मान वाकडी करून वाचतो. शाई नको, पेन्सिल. चुकलेला आकडा पुसायचाही नाही. त्यावर रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचा, म्हणजे काय चुकलं होतं तेही पुढच्याला दिसतं.

आत बारा महिने साधारण १२ अंश सेल्सिअस. चालताना हवा सुखाची वाटते. वहीवाला चित्र पुरं करेपर्यंत ओल्या कपड्यांत बसलेल्यांना हुडहुडी भरते. तिच्यावर मनातून सगळेच चिडलेले असतात. तरी तिचा शब्द मोडत कुणी नाही, कारण मोजलं नाही ती लांबी इथं धरतच नाहीत.

या गुहेत मोजणीवरून रामायण झालेलं आहे. स्टीफन बिशप हा गुलाम १८३८ पासून इथं वाटाड्या होता. १८४२ साली त्यानं गुहेचा नकाशा काढला तो स्मरणातून. त्याची वही त्याच्या डोक्यातच होती. मग १९०८ मध्ये माक्स केम्पर या जर्मन अभियंत्यानं बिशपच्याच कुटुंबातल्या एड बिशपला बरोबर घेऊन रीतसर मोजणी केली. नकाशा इतका चोख उतरला की मालक मंडळींनी तो दडवून ठेवला. गुहा आपल्या हद्दीबाहेर, शेजाऱ्याच्या जमिनीखाली गेली आहे हे फुटलं, तर शेजारी स्वतःचं दार पाडून तिकिटं विकायला बसेल, ही धास्ती. आणि १९२१ मध्ये जॉर्ज मॉरिसननं अगदी तेच केलं! १९२५ मध्ये फ्लॉइड कॉलिन्स पर्यटकांना दाखवण्याजोगी स्वतःची गुहा शोधताना दगडाखाली अडकून मेला. १९४१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा कुठं नकाशाची भीती गेली.

वहीची खरी कर्तबगारी १९७२ ची. शेजारच्या फ्लिंट रिजखालची गुहा वर्षानुवर्षं मोजत आणलेली. मधल्या हाउचिन्स दरीखालून एक वाट मॅमथच्या दिशेनं निघाल्याचं आकडे सांगू लागले. त्या वाटेवर भिंतीवर जुन्या वाटाड्याचं नाव सापडलं, पीट एच., आणि बाण. सगळे बाणाची गोष्ट रंगवून सांगतात. मला वहीचं कौतुक जास्त. बाणाला अंश नसतात. ९ सप्टेंबरला जॉन विल्कॉक्सच्या गटानं छातीभर पाण्यातून पलीकडं जाऊन पाहिलं, तर समोर पर्यटकांसाठी लावलेला लोखंडी कठडा. दोन गुहांची एक झाली आणि वह्यांची बेरीज झाली १४४.४ मैल.

त्या गटातल्या पॅट्रिशिया क्राउथर आणि त्यांचे तेव्हाचे पती विल, दोघंही प्रोग्रामर. वह्यांमधले आकडे ती दोघं संगणकाला भरवून नकाशे काढून घेत. पुढं विलनं याच गुहेतल्या बेडक्विल्ट भागावरून संगणकावरचा ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. त्या खेळात भटकलेल्या कित्येकांना आपण कुणाच्या मोजणीवरून चाललोय याचा पत्ता नव्हता.

आता टेपच्या जागी लेसर आलाय, काही जण पडद्यावरच चित्र काढतात. म्हातारीची मोडीत निघायची वेळ आली असं वाटावं, तर तिच्या जुन्या बहिणींनीच नवं काम काढून ठेवलंय. जुन्या काही वह्यांत नुसत्या रेघा आहेत, चित्र नाही. त्या वाटा पुन्हा मोजाव्या लागतात, आणि नव्या गड्याच्या वाट्याला बरेचदा तेच येतं: दुसऱ्यानं आधीच पाहिलेल्या बोगद्यात दिवसभर आकडे ओरडणं. इथं जो कंटाळत नाही तोच टिकतो. गुहेची लांबी आज ४२६ मैलांच्या पुढं, म्हणजे ६८५ किलोमीटरहून जास्त भरते. जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा. त्यातली पुष्कळशी अशाच माणसांच्या पेन्सिलीतून उतरली आहे.

आपल्याकडं गुहा म्हटलं की डोळ्यांपुढं माणसानं कोरलेली लेणी येतात. सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळं असलं भुयारांचं जाळं इथं होणार नाही. मेघालयात मात्र आहे. खासी आणि जैंतिया टेकड्यांत १९९२ पासून स्थानिक मंडळी आणि परदेशी स्वयंसेवक कोरड्या हंगामात मोजणी करतात. क्रेम लियात प्राह ही चुनखडीतली गुहा त्यांनी तीस किलोमीटरच्या पुढं नेली आहे आणि क्रेम पुरी ही वालुकाश्मातली गुहा साडेचोवीस किलोमीटर मोजली आहे. अशा कामाला जायचं मनात असेल तर दोरावर चढायचा सराव कराच. पण त्याआधी अंधारात, ओल्या हातानं, एक आणि सात वेगळे ओळखू येतील असे लिहायला शिका.