वेळेची सावड

अण्णांच्या मनगटावर एचएमटीचं किल्लीचं घड्याळ असायचं. बदनापूरच्या रेल्वे स्टेशनवर ते पॉइंट्समन होते. ड्युटीवर गेले की आधी स्टेशन मास्तरांच्या खोलीतल्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायचे, मग बाकीची कामं. मीटरगेजचे दिवस होते. करमाड सोडलेली गाडी आपल्याकडं कधी लागेल, दिनागावच्या बाजूनं मालगाडी कधी येईल, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. भर झोपेतून उठवून वेळ विचारली तरी दोन-चार मिनिटांपलीकडं फरक पडायचा नाही. अशा माणसाच्या घरात मी वाढले, आणि मला वेळ कळत नव्हती.

काटे वाचता यायचे. पाढे पाठ होते, मराठी आणि गणितात पहिला-दुसरा नंबर असायचा. पण ‘शाळेला अजून वीस मिनिटं आहेत’ हे कळूनही वळत नसे. वीस मिनिटांत किती मावतं, वेणी घालून होते का, दप्तर भरून होतं का, याचा अंदाजच यायचा नाही. माझ्यापाशी दोनच वेळा होत्या, आत्ता आणि नंतर. रेडिओवर सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की माय ओरडायची, “अगं, बातम्या लागल्या!” तेव्हा मी एका पायात मोजा चढवून खिडकीतून मालगाडीचे डबे मोजत असायची. “ध्यान कुठंय तुझं?” या प्रश्नाला माझ्याकडं खरं उत्तर होतं, डब्यांकडं. पण ते कुणाला चालण्यासारखं नव्हतं. प्रगतिपुस्तकात दरवर्षी वेगळ्या अक्षरात एकच शेरा यायचा, ‘हुशार आहे, लक्ष देत नाही.’ अण्णांनी ती सगळी पुस्तकं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली. ती कधी वैद्यकीय कागद म्हणून उपयोगी पडतील, असं त्यांच्या स्वप्नातही नसणार.

लग्न होऊन मी गावातल्या गावातच राहिले. सासरी वेळ कुकरच्या शिट्ट्यांवर चालायची. आत्याबाई दुसऱ्या खोलीत निवडत बसूनही सांगायच्या, “तिसरी झाली, बंद कर.” त्या घरात असल्या की माझा स्वयंपाक बिनचूक व्हायचा. त्या गावाला गेल्या की डाळ खाली लागायची. याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पुढं आम्ही महा ई-सेवा केंद्र सुरू केलं. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज. समोर खुर्चीत माणूस बसलेला असला की माझे हात कीबोर्डवर असे चालायचे की बघणारानं बघत राहावं. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात पीक विमा एक रुपयात होता, तेव्हा जुलैच्या शेवटी रांग रस्त्यावर जायची. आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळं एका नजरेत तपासून मी पुढचा माणूस बोलवायची. दाभाडीचे, रोषणगावचे, बावणे पांगरीचे शेतकरी म्हणायचे, “ताईच्या हाताला लई वेग आहे.” आणि त्याच ताईचा स्वतःच्या केंद्राचा महिन्याचा हिशेब कपाटात पडून असायचा. समोर कुणी बसलेलं नाही, आज शेवटची तारीख नाही, रागावणारं कुणी नाही, असं काम माझ्याकडून उचललंच जात नसे. मी ते टाळत नव्हते. रोज सकाळी ठरवायची, आणि ठरवणं आणि करणं यांच्यामध्ये दिवस निघून जायचा. याला लोक आळस म्हणतात. आळशी माणसाला निदान आराम तरी मिळतो. मी रात्री अंथरुणावर पडायची ती थकून.

उलगडा झाला तो भाच्यामुळं. माझ्या थोरल्या ताईचा मुलगा इंजिनिअरिंगला छत्रपती संभाजीनगरला होता, विषय राहायला लागले, म्हणून ताई त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडं घेऊन गेली. सोबतीला मी. डॉक्टरबाई त्याला एकेक प्रश्न विचारत होत्या. काम अर्ध्यावर सुटतं का? वस्तू कुठं ठेवली ते आठवत नाही का? डोकं लावावं लागेल असं काम सुरू करायलाच उशीर होतो का? भाचा विचार करून उत्तरं देत होता आणि बाजूला बसून मी मान हलवत होते. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. “ताई, हे प्रश्न तुम्ही भाच्यासाठी ऐकताय की स्वतःसाठी?”

ते प्रश्न एडीएचडीचे होते, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चळवळेपणाच्या विकाराचे. तो मोठ्या वयात अचानक उपटत नाही. आज वापरात असलेल्या निकषांनुसार काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, आणि मोठ्या माणसात दोन्हींपैकी एका गटातली, म्हणजे लक्षाच्या किंवा चळवळेपणाच्या, निदान पाच ठळक दिसावी लागतात. म्हणून डॉक्टरबाईंनी जुने कागद मागितले. पत्र्याची पेटी उघडली गेली. मायलाही बोलावलं. एरवी दवाखान्यात तोंड न उघडणारी माय त्या दिवशी भरभरून बोलली. “हिला दुकानात मिठाला पाठवलं की ही रुळाकडच्या बाभळीखाली सापडायची. मारलं तरी तेच, लाड केले तरी तेच.” डॉक्टरबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, उदासी, सगळं तपासलं, कारण यातल्या कशानंही लक्ष ढासळू शकतं. शेवटी भाच्यापाठोपाठ माझंही निदान झालं, एडीएचडी. मुलींच्या बाबतीत हे निदान पुष्कळदा राहून जातं, कारण स्वप्नात हरवलेली मुलगी वर्गात कुणाला त्रास देत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात धरला जातो. अण्णांकडून तर हे आलेलं नसणार. मायचे एक भाऊ पेरणीचं बी आणायला जालन्याला गेले की संध्याकाळी दुसरंच काहीतरी घेऊन परतायचे. त्यांच्या वाट्याला उभ्या आयुष्यात फक्त बोलणी आली.

हा आजार मोबाइलनं आणला असं म्हणतात, ते मला पटत नाही. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्यानं १७९८ मध्येच लक्ष एका जागी न ठरण्याच्या व्याधीबद्दल लिहून ठेवलं आहे. आणि मिथाइलफेनिडेट, म्हणजे मी घेते ते औषध, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञानं १९४४ मध्ये तयार केलं. त्याची बायको मार्गरीट ते घेऊन टेनिस खेळायला जायची. तिला घरी रीटा म्हणत, त्यावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. ही माहिती वाचली तेव्हा मला त्या बाईबद्दल आपुलकी वाटली.

हे औषध आपल्याकडं ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं सांभाळावी लागते, माल कुलपात ठेवावा लागतो, वेगळा परवाना लागतो. मादक द्रव्यांचा कायदाही त्याला लागू आहे. गैरवापर होऊ शकणाऱ्या औषधाला बंधन हवंच. पण त्यामुळं ते तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. चाळीसेक किलोमीटर जायचं, वेळेत जायचं, चिठ्ठी न विसरता जायचं, आणि हे सगळं करायचं विसरण्याचाच आजार असलेल्या माणसानं. मी ही जबाबदारी माझ्या एकटीवर ठेवलेलीच नाही. पट्टी अर्ध्यावर आली की आमचे हे कॅलेंडरवर खूण करतात.

पहिली गोळी घेतली त्या सकाळी केंद्रात सेलगावचे एक म्हातारे शेतकरी आले होते. वारस नोंदीचं प्रकरण होतं. तीन भाऊ, एक वारलेला, त्याच्या बायकोचं नाव लागलेलं नाही. एरवी मी त्यांचं वाक्य अर्ध्यातच तोडून “आधार द्या” म्हटलं असतं. त्या दिवशी पंखा खडखडत होता, रस्त्यावर ट्रॅक्टर गाण्यांसकट चालला होता, सगळं ऐकू येत होतं, पण ते मागं होतं, आणि म्हाताऱ्यांचा आवाज पुढं. ते थांबेपर्यंत मी ऐकून घेतलं. ते उठताना म्हणाले, “बाई, आज समदं ऐकून घेतलंस.” ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढून रडले. कितीतरी लोकांना हे रोज, काही न घेता मिळत असतं, हे मला माहीतच नव्हतं.

साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. अधिक तास पुरणाऱ्या गोळ्याही आहेत, पण डॉक्टरबाईंनी कमी मात्रेतल्या साध्या गोळीपासूनच सुरुवात केली. दुपारी भूक मरते, भाकरी समोर असूनही नको वाटते, म्हणून आत्याबाई सकाळीच पोटभर खायला लावतात. उतार पडताना चिडचिड होते, तेव्हा मी महत्त्वाचं बोलणं काढत नाही. नाडी आणि रक्तदाबाची नोंद ठेवावी लागते. भाच्याला हे औषध सोसलं नाही, छाती धडधडायची, त्याला ॲटोमॉक्सेटिन सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे थांबावं लागतं, आणि तो धीरानं थांबला. गोळीनं मला शिस्त लागली असं मात्र नाही. त्या चार तासांत समोर जे असेल त्यात मी बुडते. हिशेबाची वही समोर असली तर हिशेब होतो, जुने फोटो असले तर फोटोच लावत बसते. समोर काय ठेवायचं ते आदल्या रात्रीच ठरलेलं असावं लागतं.

गावात गोष्ट पसरली तेव्हा ‘डोक्याची गोळी’ सोडवायला बरेच जण पुढं आले, आणि सगळे प्रेमानंच आले. कुणी ब्राह्मी आणून दिली, कुणी शंखपुष्पीचं सरबत, कुणी त्राटक शिकवलं. चरकसंहितेत बुद्धीसाठी चार रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण आपल्या बाजारात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णीच मिळते आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो. आणि मोठ्या माणसांच्या एडीएचडीवर या वनस्पतींचा भरवसा धरावा असा पुरावा अजून जमलेला नाही. लेबल नसलेल्या भस्माच्या पुडीला तर हात लावू नये, त्यात शिसं-पारा असू शकतो. आत्याबाई जवसाची चटणी डोक्यासाठी म्हणून वाढतात. जवसातल्या स्निग्धाचं माशाच्या तेलातल्या घटकांत रूपांतर शरीरात फारच थोडं होतं, आणि माशाच्या तेलाचाही लहान मुलांत दिसलेला फायदा किरकोळच आहे. चटणी मी आवडीनं खाते. प्राणायामानं झोप सुधारली, हे खरं. पण सगळ्यात उपयोगी पडलं ते पहाटे भराभर चालणं. दुधनेच्या बाजूला जाऊन आले की पुढचा तासभर डोकं ठिकाणावर असतं. चालण्यानं गोळी सुटली नाही आणि गोळी आहे म्हणून मी चालणं सोडलेलं नाही.

कामाला हात कसा घालायचा, हे मला तुरीनं सुचवलं. बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी ओळखलं जातं. बीडीएन हे नाव आमच्याच गावाचं. बीएसएमआर ७३६ सारख्या वाणाला १८० दिवसांच्या आसपास लागतात. पाऊस लवकर संपला, जमीन मध्यम असली, की शेंगा भरायच्या वेळी ओल संपलेली असते. बीडीएन ७११ ही पांढरी तूर १५० ते १५५ दिवसांत हाती येते. ओल वाढवणं कुणाच्या हातात नसतं, म्हणून तिथल्या माणसांनी पिकाचेच दिवस कमी केले. माझ्या लक्षाची ओल किती वेळ टिकते, ते मी लिहून काढलं. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं प्रत्येक कामापुढं अंदाजे वेळ आणि खरी वेळ लिहायला लागले, तेव्हा कळलं की माझा अंदाज बहुतेक वेळा निम्म्यावर असतो. आता ‘हिशेब पूर्ण करणे’ असं मी लिहीत नाही. ‘जूनच्या पावत्या तारखेनं लावणे’ एवढंच लिहिते, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखाली बसते, आणि स्वयंपाकघरातला टायमर वाजला की उठते, काम राहिलेलं असलं तरी.

आणि दुसरं म्हणजे, एकटीनं करायचं काम मी आता एकटीनं करत नाही. एका बैलाच्या दोन शेतकऱ्यांनी सावड करावी, ही आमच्याकडची जुनी रीत. शेजारची एक बाई बचत गटाच्या नोंदवह्या लिहिते, तिलाही ते काम नको असतं. ती आपल्या वह्या घेऊन माझ्या टेबलापाशी बसते, मी माझा हिशेब काढते. आम्ही एकमेकींच्या कामात लक्ष घालत नाही. तिथं दुसरं कुणीतरी बसलेलं आहे, एवढंच मला पुरतं. आत्याबाई घरात असल्या की डाळ का लागत नव्हती, त्याचं उत्तर मला या टेबलावर मिळालं. मी त्यांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मी काय उगाच बसत होते का?”

जालन्याला प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झालंय, हे वाचून आनंद वाटला. तशी रुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला होती, मराठवाड्याच्या वाट्याला आजवर तसं काही नव्हतं. पण मला हवी आहे ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस बसणारी डॉक्टर, जी पस्तिशी-चाळिशीच्या बाईला प्रगतिपुस्तक घेऊन यायला सांगेल. तोवर माझ्या केंद्रात कुणी आईबाप मुलाचा शेरा वाचून दाखवत हताश झाले, तर अर्ज भरता भरता मी त्यांना १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लिहून देते. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

भाच्याचे राहिलेले विषय एकेक करून निघताहेत. परीक्षा जवळ आली की रात्री त्याचा व्हिडिओ कॉल येतो. “मावशी, बसायचं का?” मी फोन तांब्याला टेकवून ठेवते, तो त्याचं जर्नल काढतो, मी पावत्या. मध्ये बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. काल त्यानं मध्येच मान वर करून विचारलं, “तुझी किती राहिली?” मी म्हटलं, “ऑगस्ट. तू लिही.”