ऐकायचं कुणाचं?

आवाज चार, वाद्य एकही नाही, आणि मुख्य गायक कुणीच नाही. विल्यम बर्डची चार आवाजांची मिस्सा मी घरात पहिल्यांदा लावली तेव्हा बाबा म्हणाले, "सगळेच एकदम गातायत, मग ऐकायचं कुणाचं?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरातले कान घडले ते ख्यालावर. एक गायक, मागे तंबोरा, बाजूला साथ. लक्ष कुठे द्यायचं याबद्दल शंकाच नाही. युरोपातलं पंधराव्या-सोळाव्या शतकातलं, म्हणजे रेनेसान्स काळातलं हे गाणं वेगळ्याच कायद्याने चालतं. एक आवाज ओळ उचलतो, ती संपायच्या आत दुसरा तीच ओळ वरून किंवा खालून धरतो, मग तिसरा, मग चौथा. पहिले आठ-दहा दिवस मला तर त्यात संध्याकाळचं दादर स्टेशनच ऐकू येत होतं! मग एक युक्ती सापडली. एकाच आवाजाचं बोट धरायचं. मी टेनरचं धरलं (खालून दुसरा, फारसा न मिरवणारा), आणि बाकीचे तिघं हळूहळू त्याच्याभोवती ऐकू यायला लागले.

गंमत म्हणजे तेव्हाच्या गाणाऱ्यांचंही असंच होतं. चारही ओळी एकाखाली एक असलेली वही त्यांच्यासमोर सहसा नसायची. प्रत्येकाच्या हातात फक्त त्याच्या आवाजाची पुस्तिका. शेजारचा काय गाणार ते कागदावर नाही, कानानेच धरायचं.

या मिस्सेच्या पुस्तिका तर आणखी चमत्कारिक. पुस्तकाच्या नावाचं पहिलं पानच नाही. छापणाऱ्याचं नाव नाही, साल नाही. (अभ्यासकांनी छपाईच्या बारीकसारीक खुणांवरून १५९२-९३ च्या सुमाराचं साल काढलंय.) बर्डचं नाव मात्र पानांवर आहे. ही काय भानगड म्हणून शोधायला गेले आणि अडकले.

इंग्लंड तेव्हा पहिल्या एलिझाबेथचं, म्हणजे प्रोटेस्टंट. १५८१ च्या कायद्याने सरकारमान्य चर्चला न जाणाऱ्याला महिन्याला २० पौंड दंड, आणि कॅथलिक मिस्सा ऐकली तर दंड आणि वर वर्षभर कैद. १५८५ पासून तर परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक पाद्री देशात सापडणं हाच राजद्रोह. अशा देशात बर्ड कॅथलिक. आणि नोकरी कुठे, तर खुद्द राणीच्या चॅपेलमध्ये! १५७५ मध्ये राणीने त्याला आणि वडीलधाऱ्या थॉमस टॅलिसला संगीत छापण्याची २१ वर्षांची मक्तेदारीही दिली होती. टॅलिसची तर कमालच. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ – चार राज्यकर्त्यांची चाकरी. प्रत्येक वेळी राज्याचा धर्म फिरला, आणि टॅलिस ज्याला जे हवं ते, लॅटिन म्हणाल तर लॅटिन, इंग्रजी म्हणाल तर इंग्रजी, लिहीत राहिला. तेही उत्तम.

बर्डने राणीच्या चॅपेलसाठी इंग्रजी प्रार्थना रचल्या, आणि दुसरीकडे लपूनछपून होणाऱ्या उपासनेसाठी या मिस्सा. काहीजण त्याला दुटप्पी म्हणतील. मला तसं वाटत नाही. पण सध्या त्याला हुतात्म्याच्या रांगेत बसवतात, तेही पटत नाही. दंड आणि खटले त्याच्यामागे होते, हे खरं. तरी इतरांना ज्याची जबर किंमत मोजावी लागली ते सगळं करून हा माणूस ऐंशी ओलांडून १६२३ मध्ये वारला. डोक्यावर राणीचं छत्र होतं. तिच्या मृत्यूनंतर, १६०५ मध्ये, लंडनमध्ये एकाला बर्डचं पुस्तक जवळ सापडलं म्हणून तुरुंगात टाकलं. लिहिणारा बाहेर, बाळगणारा आत. हे मला टोचतं, आणि गाणं आवडतं म्हणून टोचायचं थांबत नाही.

असो. १५९३ च्या सुमारास बर्ड एसेक्समधल्या स्टॉन्डन मॅसी या गावी राहायला गेला. जवळच इंगेटस्टोनला पीटर हे श्रीमंत कॅथलिक कुटुंब. त्यांच्या वाड्यात पाद्र्यांना लपवायच्या चोरखोल्या होत्या, आजही दाखवतात. आता कळतं आवाज चारच का. घरात कॅथीड्रलचा गायकवृंद कुठून आणणार? जे तीन-चार जण जमतील, ज्यांच्यावर विश्वास टाकता येईल, तेच गाणार.

या मिस्सेचा शेवटचा भाग, आन्युस देई, दोनच आवाजांनी सुरू होतो. मग तीन, आणि अखेरीस चारही. शब्द शांती मागणारे. तिथे बर्ड एक स्वर धरून ठेवतो, शेजारचा सरकतो, दोघं एकमेकांना घासतात, मग धरलेला खाली उतरतो. तो उतरतोय तोवर दुसरीकडे तसंच घासणं सुरू. असं बराच वेळ. अवघी मिस्सा पंचवीस मिनिटांच्या आतबाहेर. घाई असेल तर हा शेवटचा तुकडा तरी ऐकाच. आणि टेनर सोडू नका.