दुसरा प्रश्न

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजी गावांत ‘बोर्ड आउट झाला’, म्हणजे वैद्यकीय बोर्डाने सेवेतून घरी पाठवला, एवढे म्हटले की पुढे कोणी खोदून विचारत नाही. पाय गेलेला असेल तर तो दिसतोच. मनाच्या आजाराने घरी पाठवलेल्या माणसाबद्दल मात्र घरचेसुद्धा ‘कमरेचा त्रास होता’ असे सांगतात. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. सेनादलाच्या वैद्यकीय सेवेत असताना अशा जवानांवर उपचार केले, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या अपंगत्व पेन्शनच्या दाव्यांसाठी वैद्यकीय मत लिहून देतो. त्यांच्या फायली उघडल्या की एकच वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : ‘आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही.’ या एका ओळीवर दावा फेटाळला जातो.

या वाक्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. सेवेमुळे आजार झाला का, हा पहिला. सेवेने तो वाढला का, हा दुसरा. यांपैकी कोणत्याही एकाचे उत्तर ‘हो’ आले आणि अपंगत्व किमान २० टक्के ठरले, तर पेन्शनचा हक्क तयार होतो. बोर्ड पहिल्या प्रश्नावर थोडाफार विचार करते. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या मागोमाग, कारण न देता, लिहून टाकले जाते. माझी तक्रार या दुसऱ्या उत्तराबद्दल आहे.

आधी पहिल्या प्रश्नाबद्दल प्रामाणिकपणे बोलू. स्किझोफ्रेनिया पुरुषांमध्ये बहुधा अठरा ते पंचविशीच्या सुमारास डोके वर काढतो. भरतीचे आणि पहिल्या पोस्टिंगचे वयही नेमके तेच. त्यामुळे ‘हा मुलगा गावात शेती करत असता तरी आजारी पडला असता’ हा बोर्डाचा युक्तिवाद सरसकट खोटा नाही. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि भरतीच्या वेळची कोणतीही तपासणी सुप्त आजार हुडकू शकत नाही.

पण मनाच्या आजाराचे शास्त्र इथे थांबत नाही. नाजूक प्रकृती जन्मतः असते. ती केव्हा, किती जोरात आणि किती वेळा कोसळेल हे ताणावर, झोपेवर, एकटेपणावर ठरते. ज्याच्या घरात दमा आहे त्याला पिठाच्या गिरणीत कामाला ठेवले, तर दमा त्याच्या रक्तातला म्हणून गिरणी सुटत नाही. महिनोन्‌महिने रात्रीची गस्त, बर्फाळ चौकीवरचा मुक्काम, बंडखोरीग्रस्त भागात प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहायची सवय, यांचा आजाराच्या वाटचालीवर काय परिणाम झाला, हे बोर्डाने प्रत्येक रुग्णापुरते तपासायला हवे.

हे नियमांना ठाऊक नाही असेही नाही. लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या, २००८ मध्ये सुधारलेल्या आणि २०२३पर्यंत लागू असलेल्या मार्गदर्शिकेत मनोविकारांवर स्वतंत्र परिच्छेद होता. युद्धक्षेत्र, अतिउंच प्रदेश, अगदी एकाकी चौकी, जहाजावरची सेवा, भूकंप-त्सुनामीत प्रेतांजवळ करावे लागलेले काम, अशा परिस्थितीत आजार झाला तर तो सेवेमुळे झाला असे मानावे, असे त्यात होते. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो रजेचा भाग. सेवेच्या निकडीमुळे रजा नाकारली आणि तीन महिन्यांत आजार उद्भवला, तर काही प्रसंगांत तो सेवेने वाढला असे धरता येत होते : एकुलत्या मुलाचे आईवडील गेले, पत्नी किंवा मूल गेले, कुटुंबावर गंभीर गुन्हा घडला, वडील नसलेल्या बहिणीचे लग्न आणि हा एकटाच भाऊ. ज्याने कोणी हे लिहिले त्याला जवानाचे घर कळत होते.

अडचण येते ती पुराव्याची. एका जवानाची पत्नी मला म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, ह्यांनी रजा मागितली होती हो, सासूबाई गेल्या तेव्हा. पण तोंडीच नाही म्हणाले.’ तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही. फाइलमध्ये मग ‘शांतताक्षेत्रात सुरुवात, सेवेचा ताण नाही’ एवढेच उरते. मनोरुग्ण जवानाबाबत त्याचा कमांडिंग ऑफिसर एएफएमएसएफ-१० या फॉर्मवर अहवाल देतो. माणूस कसा वागत होता, कामात कसा होता, घरची अडचण काय होती, हे त्यात येते. तो अहवाल आस्थेने भरलेला असला की दाव्याचा अर्धा पाया तिथेच घातला जातो. चार ठोकळेबाज ओळींत उरकला की पुढे वकीलही काही करू शकत नाही.

न्यायालयांचा रस्ताही सरळ नाही. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरावे, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. त्याच वर्षी स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात न्यायालयाने मनोविकारशास्त्राचे ग्रंथ चाळून पुन्हा बोर्ड बसवायला लावले. २०१९ मध्ये मात्र दुसऱ्या एका जवानाला, मनाचा आजार भरतीत ओळखू येत नाही आणि बोर्डाच्या मताला मान दिला पाहिजे, असे सांगून पेन्शन नाकारली. मे २०२५ मध्ये पुन्हा न्यायालयाने बजावले की कारणे न देता लिहिलेले बोर्डाचे मत टिकणार नाही, आणि आणखी एका जवानाला पेन्शन मिळवून दिली. २०१९च्या निकालातले वैद्यकीय विधान मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. आजार सुप्त होता हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. तो सेवेत वाढला का, ते वेगळेच राहिले.

सैन्यात खोटे दावे वाढले अशी ओरड आहे, आणि २०२३ मध्ये अपंगत्व पेन्शनचे नियम बदलताना तीच चर्चा होती. वॉर्डात आठवडेच्या आठवडे निरीक्षणाखाली राहून कोणी स्किझोफ्रेनियाचे सोंग वठवू शकेल यावर माझा विश्वास नाही. मला उलट काळजी वाटते ती दारूच्या निदानाची. व्यसनातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही. पण झोप लागत नाही, छातीत धडधडते, म्हणून पिणाऱ्याच्या कागदावर फक्त दारू चढते. मूळचे नैराश्य किंवा भय कोणी लिहीत नाही.

रक्कम फार मोठी नसते. जुन्या नियमांत अपंगत्वाचा घटक १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पगार ३०,००० धरला आणि अपंगत्व ५० टक्के, तर महिना ४,५०० आणि महागाईभत्ता. वीस ते पन्नासच्या मधले अपंगत्व ५० धरले जाते, ही मोठी सोय. खरे मोल आहे पेन्शनसोबत येणाऱ्या, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतल्या उपचारांचे. या आजाराची औषधे अनेकांना आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि ती तुटली की माणूस पुन्हा कोसळतो.

म्हणून घरात असा कोणी असेल तर लाज बाजूला ठेवा. रजेचा अर्ज लेखी करा, नकारही लेखी मागा. बोर्डाचे कागद माहितीच्या अधिकारात मिळवा. आजार केव्हा, कुठल्या पोस्टिंगवर सुरू झाला ते घरच्यांनी तारखांसह लिहून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अपील फेटाळले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. आणि उशीर करू नका. दावा जुना झाला म्हणून हक्क सहसा संपत नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या निकालानुसार उशिरा आलेल्याला थकबाकी साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते.