पिकअपचे पाटे आणि आईचा खुबा

वाचकहो, तुमच्या दारात जुनी पिकअप असेल तर एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असेल. दहा क्विंटल सोयाबीन भरले की गाडी कशी गादीवरून चालल्यासारखी चालते. आणि मोंढ्यात माल उतरवून रिकामी परत निघाली की रस्त्यावरचा खडा न् खडा मणक्यात मोजून घ्यावा लागतो. आम्ही वर्षानुवर्षे हे हसण्यावारी नेले. गेल्या वर्षी मात्र हसू आटले.

आई ओट्यावरून घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. परभणीला शस्त्रक्रिया झाली. पुढे तपासणीला वरचेवर जायचे होते आणि डॉक्टरांनी धक्का लागू देऊ नका म्हणून बजावले होते. एस.टी.ची पायरी तिला चढवेना, आणि भाड्याची मोटार दर खेपेला परवडेना. उरली आमची पिकअप. पहिल्याच खेपेला आई दातावर दात दाबून बसली. परतताना झरी ओलांडली तेव्हा म्हणाली, “लेकरा, उतरव मला. मी इथून पायी येते.” ज्या बाईला न्हाणीपर्यंत जायला दोघांचा आधार लागतो, तिचे हे बोलणे मला फार लागले.

रस्त्याला शिव्या देणे सोपे असते. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो हे खरेच आहे. पण त्याच रस्त्याने शेजाऱ्यांची तशीच पिकअप बरी चालते, मग आमचीच का आपटते? आमच्या गाडीला पुढे-मागे चारही चाकांना पाटे आहेत. मागे कंपनीचे सहा-सहा होते. एका वर्षी कापूस बरा झाला, तेव्हा आम्ही दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घेतले, म्हणजे जास्तीचा माल बसावा. एकाच जाडीचे सहाचे आठ पाटे केले तर कडकपणा जवळजवळ एकतृतीयांशाने वाढतो. वाढवलेला पाटा दुप्पट जाडीचा असेल, तर तो एकटाच मूळच्या आठ पाट्यांइतका कडक असतो. हा उद्योग आमचाच होता.

दरवर्षी 18 मे रोजी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा असतो. विद्यापीठ 1972 साली त्याच तारखेला स्थापन झाले. तिथे बियाणे आणायला गेलो आणि त्याच फेरीत गाडी पाटेवाल्या चाचांकडे नेली. मी गेल्या गेल्या म्हणालो, “चाचा, दोन पाटे काढून टाका.” त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मागच्या बंपरवर उभे राहून दोन-तीनदा अंग दाबले आणि मला पाट्याच्या टोकाच्या शॅकलवर बोट ठेवायला सांगितले. शॅकल जागचे हलत नव्हते! दबत होता तो फक्त टायर. चाचा म्हणाले, “भाऊ, तुमचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले आहेत. दोन काढा नाहीतर चार काढा, उरलेले एका लाकडासारखेच राहतील.”

वाचकहो, हे मला ठाऊक नव्हते, म्हणून थोडे खोलात सांगतो. इंग्लंडात ओबादिया एलियट नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने 1804 साली पोलादी पाट्यांच्या कमानींचे पेटंट घेतले. तेव्हापासून युक्ती तीच आहे. वजन आले की कमान सपाट होते, पाटे एकमेकांवरून घसरतात आणि धक्का जिरतो. ते घसरेनासे झाले की चाक आणि सांगाडा एकच होऊन जातो. चांगल्या मोटारीचे अंग मिनिटाला साठ ते नव्वद वेळा सावकाश वरखाली होते, ते शरीराला सोसते. सेकंदाला चार ते आठ या गतीची खालीवर थरथर माणसाला सर्वांत जास्त टोचते, असे अभ्यासकांनी मोजून ठेवले आहे. जाम पाट्यांची गाडी नेमकी तिकडे झुकते. आमच्या आजोबांच्या दमणीला पाटेच नव्हते, पण ती बैलाच्या चालीने जायची आणि खाली कडब्याची जाड बैठक असायची.

चाचांनी गाडी उचलून सांगाड्याखाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाटे शिकंज्यात धरले, नाहीतर ते उसळून हात मोडतात. एकेक पाटा तारेच्या ब्रशने घासला. दोन पाट्यांमधून गंजाची पूड चहाच्या बशीभर निघाली. मग ग्राफाइटचे ग्रीस लावले. आम्ही आजवर जळके इंजिन ऑइल ओतत होतो. त्याने धूळ चिकटते आणि रबरी बुश फुगून खराब होतात. बुश नवे घातले. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उतरवल्यावरच. अधांतरी आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. एका शॉकअपातून तेल गळत होते, म्हणून मागची जोडी बदलली. यू बोल्ट आठवड्याने पुन्हा येऊन आवळून घ्या, असेही त्यांनी बजावले.

वाढवलेल्या पाट्यांचा तंटा शेवटी उरलाच. धाकटा भाऊ हटून बसला, “दादा, पाटे काढले तर भाडं कोण देईल? लोक एका खेपेत माल मागतात.” त्याचे चूक नव्हते, घर त्या भाड्यावर चालते. पण नोंदणी पुस्तकात लिहिले आहे त्याच्या दीडपट माल आम्ही नेत होतो. ब्रेक आणि टायर वाढवलेल्या पाट्याने काही बळकट होत नाहीत. चाचांनी ते चारही पाटे काढून ठेवले. भाऊ परतीच्या वाटेत माझ्याशी बोलला नाही.

आणखी एक फुकटचा उपाय आहे. आम्ही मागच्या टायरांत बारमाही भरल्या गाडीची हवा ठेवत होतो. आमच्या गाडीच्या पुस्तकात रिकाम्या गाडीसाठी कमी हवा दिली आहे. आईला न्यायच्या दिवशी आम्ही तेवढीच ठेवतो आणि माल भरण्याआधी पुन्हा वाढवतो. हे विसरू नये, कमी हवेवर माल नेला तर टायर तापून फुटतो.

पुढच्या तपासणीला आई केबिनमध्ये बसली. खड्डे होते तिथेच होते. गतिरोधकावर गाडी एकदा दबून सावकाश वर आली. झरी गेली तरी आई काही बोलेना, म्हणून पाहिले तर तिचा डोळा लागला होता.

काढलेल्या पाट्यांचे लोखंड चिवट असते. लोहाराने दोघांच्या वखराच्या पासा करून दिल्या. उरलेले दोन भावाने गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवले आहेत. सोयाबीनच्या हंगामात तो त्यांच्याकडे एकदा बघतो आणि दुसऱ्या खेपेचे डिझेल भरायला जातो.