रोवणीचे दिवस आणि विहाराची किल्ली

वर्षावास सुरू झाला की आम्ही उभयता एखाद्या नातलगाच्या गावी जाऊन येतो. यंदा पुतणीचा निरोप आला, "काकाजी, तुमची नात आता चालते जी. येऊन पाहून जा." चाळिशीतच आजी-आजोबा झालेल्या आम्हाला एवढे निमित्त पुरेसे होते. दोन दिवसांची रजा टाकली आणि नागपूरहून सकाळच्या गाडीने गोंदियाकडे निघालो.

तुमसर रोड मागे पडले की वैनगंगेचा पूल लागतो. नदी दुथडी भरलेली होती. पुढे तिरोडा, मग गोंदिया. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. १९५४ साली परमपूज्य बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक भंडारा मतदारसंघातून लढवली. त्यात त्यांना यश आले नाही. पण बाबासाहेबांना या भागातून उभे राहावेसे वाटले, याचा आम्हाला दर वेळी अभिमान वाटतो.

गोंदियाला गाडी बदलली आणि बल्लारशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. या मार्गावर पूर्वी छोटी गाडी धावायची. आता मोठी लाईन झाली आहे. दोन्ही बाजूंना नुसते पाणी आणि धान. बांध्यांमध्ये बाया ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद बांधलेला, हातात पऱ्ह्यांची जुडी. आपल्या ताटातला भात या वाकलेल्या पाठींवरून येतो, हे इथे डोळ्यांनी दिसते. सौंदडला उतरलो. पुढे सामायिक ऑटोने पुतणीच्या गावी पोहोचलो.

घर दोन खोल्यांचे. समोर परसवा, मागे एक बोडी. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचे छोटे तळे. जावई गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये कामाला आहेत, रोज गाडीने जाणे-येणे करतात. पुतणी बारावी शिकलेली. रोवणीच्या दिवसांत टोळीबरोबर रोजीने जाते. घरी साठीच्या पुढच्या सासूबाई आणि दीड वर्षाची आमची नात.

नातीचे काय सांगावे! दारात पाऊल टाकताच तिने दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "जैमी!" जयभीमचा हा तिचा उच्चार. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून "बाबा", तथागतांच्या मूर्तीकडे दाखवून पुन्हा "बाबा", आणि जावई घरात शिरले की त्यांनाही "बाबा". भाताची शिते एकेक करून चिमटीत धरते, निम्मी तोंडात, निम्मी जमिनीवर. ना गळ्यात ताईत, ना हाताला काळा दोरा. तसबिरीशेजारच्या खिळ्याला मात्र लसीकरणाचे कार्ड अडकवलेले. दीड वर्षाचे गोवर-रुबेलाचे दुसरे इंजेक्शन आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर नुकताच होऊन गेला होता. पुतणीने ते कार्ड आम्हाला परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखे काढून दाखवले.

तिच्या पायात घुंगरांचे वाळे होते. घरभर छुमछुम चालायची. "हा आवाज आला की समजायचे, पोरगी जागेवर आहे," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुतणी सकाळी सातलाच डोक्यावर डबा घेऊन गेली. जावई त्याआधीच गाडीला गेलेले. घरी आम्ही दोघे, सासूबाई आणि नात. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. आमच्यापैकी एक चुलीजवळ होती, एक वर्तमानपत्र चाळत होता. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याचे लक्ष आहे. किती वेळ गेला कोण जाणे. अचानक जाणवले की घुंगरू वाजत नाही.

घरात नाही. अंगणात नाही. हाका मारत मागच्या बाजूला धावलो. बोडीच्या पाळीवर शेजारचा दहा-बारा वर्षांचा मुलगा तिला काखेत घेऊन उभा होता. नातीचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. ती हसत होती आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "जैमी!"

वाचकहो, त्या क्षणी आमच्या पायांतले बळ गेले. घरात तीन मोठी माणसे होती. तिघांची नजर चुकली आणि त्या पोराची चुकली नाही, म्हणून आज हे लिहीत आहोत. दीड वर्षाच्या लेकराला बुडायला वीतभर पाणी पुरते, आणि बुडताना आवाजही होत नाही.

संध्याकाळी पुतणी आली. लपवणे बरे वाटेना. सगळे सांगितले. ती रागावली नाही. पोरीला कुशीत घेऊन बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काकूजी, तुम्ही एक दिवस होता जी. मी रोज बांधीत वाकते, तेव्हा हात पऱ्ह्यांवर अन् कान घराकडे असतात. घरी राहू तर रोजी बुडते. रोवणीचे पैसे नाहीत तर पुढे दिवाळीपर्यंत काय?"

आम्ही विचारले, अंगणवाडी नाही का? आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिने गावोगावच्या लेकरांचे भले केले, यात शंका नाही. पण अंगणवाडीत बसायला जातात ती तीन ते सहा वर्षांची मुले, तीही काही तासच. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. म्हणजे जे लेकरू नुकते चालू लागले आहे, ज्याला पाणी, आग, विंचू काही कळत नाही, नेमके त्यालाच दिवसभर सांभाळायला कोणी नाही. १९६६ च्या बीडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्यापुरती. घरी बसून बिड्या वळणारीला तिचा उपयोग नव्हता. २०१७ साली पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण धानाच्या बांधीला आस्थापना कोण म्हणणार?

इथे बाबासाहेबांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. रमाई आणि बाबासाहेबांनी आपली चार लेकरे लहानपणीच गमावली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदे मंडळात बाळंतिणीच्या रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी तिथे मांडले. पुढे ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली, खाणीत राबणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी खाणमालकांना पाळणाघरे ठेवायला लावणारा वटहुकूम निघाला. १९४६ मध्ये त्याचे विधेयक त्यांनीच मांडले. आई कामावर असताना लेकरू कुठे असेल, हा प्रश्न आपल्या उद्धारकर्त्याने इतक्या आधी विचारला होता. आपण त्यांचे अनुयायी. आपल्या गावात तो कोणी विचारला?

त्या रात्री विहारात ग्रंथवाचन होते. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज थोडा थोडा वाचतात. वाचन संपल्यावर आमच्या घरच्यांनी दुपारची हकिकत सगळ्यांसमोर सांगितली. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एकेक बोलू लागली. कोणी सात वर्षांच्या पोरीला शाळा बुडवून भावाजवळ ठेवले होते. कोणी लेकराला बांधावर छत्रीखाली बसवत होती. मोजणी केली. टोळीत बारा बाया, आणि तीन वर्षांखालची लेकरे सात.

आम्ही म्हणालो, "हे विहार दिवसभर बंद असते. रोवणी चालेल तेवढे दिवस लेकरांना इथे ठेवले तर?"

किल्ली ज्यांच्याकडे असते ते समितीचे जुने कार्यकर्ते. विहाराच्या पायाला त्यांनी स्वतः दगड वाहिलेले. ते म्हणाले, "लेकरे घाण करतील. विहाराचे पावित्र्य राहिले पाहिजे." त्यांचेही चूक नव्हते. पै-पै जमवून बांधलेली वास्तू माणूस जिवासारखी जपतो.

सासूबाई कधी चारचौघांत बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या, "फरशी पुसता येते भाऊ. बुडालेले लेकरू परत आणता येते का?"

विहारात शांतता पसरली. आमच्या मनात आले, करणीय मेत्त सुत्तात तथागतांनी मैत्रीला उपमा दिली ती एकुलत्या लेकराला जिवापाड जपणाऱ्या आईची. ते सुत्त आपण याच फरशीवर बसून म्हणतो. मग त्या फरशीवर लेकरू बसले तर पावित्र्य कमी होईल की वाढेल? कार्यकर्त्यांनी काही उत्तर दिले नाही. खिशातून किल्ली काढून सासूबाईंच्या हातावर ठेवली.

मग हिशेब मांडला. कारकुनी हाताला तेवढे जमते. सात आयांनी रोज चाळीस रुपये द्यायचे, म्हणजे दोनशे ऐंशी. ते दिवसभर सांभाळणाऱ्या दोन बायांनी निम्मे निम्मे घ्यायचे. एक सासूबाई, दुसरी गुडघेदुखीमुळे रोवणी सोडलेली एक भगिनी. काही नियम ठरले. दोघींनी एकाच वेळी डोळा मिटायचा नाही. दाराला आडवी फळी लावायची. पाणी उकळून ठेवायचे. मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटे आशाताईंकडून आणायची. दर तासाला डोकी मोजायची. आणि प्रत्येकाच्या पायात घुंगरू.

सकाळी सातपैकी पाचच लेकरे आली. दोन आयांचा धीर झाला नाही. दाराची फळी घेऊन स्वतः किल्लीवाले कार्यकर्ते आले आणि गुडघे टेकून ती ठोकत बसले. जावयांनी गाडीला जाण्यापूर्वी दोन बादल्या पाणी भरून ठेवले. म्हणाले, "काकाजी, आमच्या गोंदियाकडे सारस पक्षी आहेत ना, त्यात नर अन् मादी पाळीपाळीने अंड्यांवर बसतात. आम्ही माणसे त्यांच्यापेक्षा मागे कसे राहायचे?" पोरे आधी रडली, मग एकमेकांच्या वाळ्यांशी खेळू लागली. पुतणीने वळणावरून दोनदा मागे पाहिले आणि मग झपाझप चालू लागली.

आम्ही दुपारच्या गाडीने निघालो. पंधरवड्यानंतर फोन आला. रोवणी संपली होती. सातही लेकरे येऊ लागली होती. मध्ये दोन दिवस एका बाईला ताप आला म्हणून बंद ठेवावे लागले, एकदा पैशांवरून कुरबूर झाली. पण बोडीकडे एकही लेकरू गेले नाही. आता बाया ग्रामसभेत अर्ज देणार आहेत. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. ती आपल्या गावाला मिळावी, अशी त्यांची मागणी आहे. अर्जाचा मसुदा आम्ही टपालाने पाठवला आहे.

धम्मबांधवांनो आणि भगिनींनो, गावोगावी आपण विहारे उभारली. उपाशी राहून उभारली. त्यांतली बरीच सकाळ-संध्याकाळच्या वंदनेपुरती उघडतात. आपल्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे, आणि त्या वेळी गावातली लहान लेकरे कुठे आहेत, एवढे दोन प्रश्न येत्या पौर्णिमेला विचारून पाहा. रोवणी नसेल तर कापणी असेल, तेंदूपत्ता असेल, वीटभट्टी असेल. आईचे हात कामात असतील तेव्हा लेकराला कोणाची तरी मांडी हवी.

आमची नात आता धावू लागली आहे. फोनवर तिचे घुंगरू ऐकू येतात.

जयभीम!