साडेतीन लिटर पाणी

चोर्ला घाट उतरताना तापलेल्या ब्रेकचा करपट वास आम्हा बेळगावकरांना नवा नाही. गोव्याच्या वाटेवरचे जुने ड्रायव्हर घाट लागला की आधी गियर खाली टाकतात आणि नवख्याला बजावतात, ‘निधान होगरी!’ हेच ‘निधान होगरी’ मी जर्मनीत जाऊन चिरंजीवांना सांगावे, अशी आमच्या सौ.ची इच्छा होती.

चिरंजीव श्टुटगार्टला नोकरीला. तिथे त्याने एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली आहे. दोन आसनांची, उघड्या टपाची, साधारण अकराशे किलोची. तिकडची हौशी मंडळी सुटीच्या दिवशी पैसे भरून आपली गाडी शर्यतीच्या मार्गावर पळवतात. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. अशाच एका दिवशी हॉकेनहाइमला पाचव्या फेरीत ब्रेकचे पेडल तळाला गेले आणि गाडी वळणाऐवजी सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत गेली. ओरखडाही आला नाही. फोनवर हे त्याने हसत सांगितले. सूनबाईंना सातवा महिना होता. त्या हसल्या नाहीत.

बाळंतपणासाठी आम्ही दोघे तिकडे गेलो, तेव्हा एका रविवारी त्याने मला तो मार्ग दाखवला. १९६८ साली जिम क्लार्क हा थोर शर्यतपटू इथेच गेला. तेव्हाचा मार्ग रानातून जाई. २००२ साली तो आखूड केला, आता एक फेरी ४.५७४ किलोमीटरची. पाराबोलिका नावाचा लांबलचक बाक आहे, तिथे गाड्या वेग घेत येतात आणि त्याच्या टोकाला स्पिट्झकेरे हे केसपिनेसारखे वळण. तिथल्या गॅलरीत मी बसलो. ताशी १८० वरून ६० वर यायला त्या गाडीला चारएक सेकंद पुरतात. आमच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षकांनी नंतर मला हिशेब मांडून दिला: एवढ्या वेळात सुमारे १२ लाख ज्यूल उष्णता, म्हणजे साडेतीन लिटर गार पाण्याला उकळी आणील इतकी! तीही बहुतेक सगळी चार चकत्यांत. आणि हे प्रत्येक फेरीत, शिवाय इतर वळणे आहेतच.

पॅड झिजले असतील अशी माझी समजूत होती. पॅड शाबूत होते. दोष होता ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतली ओल शोषते. डॉट-४ जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखाली पोकळी येते. रोजच्या रस्त्यावर हे कधी जाणवतही नाही.

चिरंजीवांच्या मनात मात्र मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर बसवायचे होते. किंमत ऐकून मी गप्प बसलो आणि रात्री उद्यमबागेत फाउंड्रीत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. (मराठीत कायम पस्तिशीच्या काठावर, पण बिडावर बोलू लागला की ऐकत राहावे.) तो म्हणाला, “सर, डिस्क म्हणजे उष्णतेची कोठी. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता झटकन पसरते. मोठी डिस्क जास्त उष्णता साठवेल, पण गाडी थांबवणार टायरच. जुन्या ब्रेकने चाक जाम होत असेल, तर नव्याने पहिल्या वेळी गाडी काही लवकर थांबणार नाही. आणि शोभेची भोके पाडलेली डिस्क नको म्हणावं, तडा भोकापासूनच जातो. आधी जाडी मोजायला सांगा. किमान किती हवी, ते डिस्कवरच लिहिलेलं असतं.”

दुसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, “बाबा, यातलं निम्मं मला माहीत होतं.” मी म्हटले, “मग उरलेलं निम्मं कर.” त्याने जाडी मोजली, ती पुरेशी भरली. जास्त उत्कलनबिंदूचे तेल घातले आणि शर्यतीचे वेगळे पॅड आणले. हे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, किंचाळतात, काळी भुकटी सोडतात आणि डिस्कही लवकर खातात. म्हणून घरून निघताना साधे, तिथे गेल्यावर बदलायचे, परतताना पुन्हा साधे. शेवटची फेरी ब्रेक न लावता, हळू. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर तापलेला पॅड एकाच जागी चिकटून बसतो. मोठ्या डिस्कचे पैसे पाळण्याकडे वळले.

ट्रॅक बंद कर, असे मी म्हटले नाही. सौ.ला ते अजून पटलेले नाही. नातीला आता सातवा महिना आहे. दर रविवारी फोनवर ही विचारते, “तेल बदललंस का रे?” आणि सूनबाई उत्तर देतात, “नाही हो आई, अजून खोबरेलच लावतोय.”