पाकिटावरचे सहा हजार

१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी
दिवाळीच्या सुट्टीत भाचा आलाय, तोही नव्या गेमिंग पीसीचे खोके घेऊनच. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला माल: रायझन ७ ९८००एक्स३डी, एएम५ बोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ पट्ट्या. पाकिटावर ठळक ६०००. पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. जवळच्या खाचेत लावल्या तर पुढची वायरिंग रिकामी राहते आणि तिच्या टोकावरून सिग्नल उलटा परततो.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच. "मामा, बोर्ड गेला वाटतं!" बोर्डावर डीरॅमचा बारीक दिवा जळत होता, म्हणून त्याला हात लावू दिला नाही. पहिल्यांदा सुरू होताना मेमरी कंट्रोलर प्रत्येक पट्टीशी वेळ आणि व्होल्टेज जुळवत बसतो. याला ट्रेनिंग म्हणतात, आणि डीडीआर५ला त्यात कित्येक मिनिटं जातात. चहा झाला, तेव्हा कुठे बायोस उघडलं.

१९ ऑक्टोबर
गती दिसली ४८००. भाच्याला दुकानदाराने फसवल्याची खात्रीच पटली. पण कुठलाही बोर्ड, कुठलाही प्रोसेसर असला तरी पट्टी चाललीच पाहिजे, म्हणून ती आधी जेडेकच्या प्रमाणित गतीने, १.१ व्होल्टवरच उठते. पाकिटावरचे ६००० एक्स्पो नावाच्या प्रोफाइलमध्ये असतात आणि ते आपण चालू करायचं असतं. एएमडी स्वतः या प्रोसेसरला अधिकृतपणे ५६००पर्यंतच मानते, त्यामुळे ६००० हे रीतसर ओव्हरक्लॉकिंगच झालं. हे पाकिटावर इतक्या ठळकपणे कोणी छापत नाही.

एक्स्पोआधी बायोस अपडेट. २०२३मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले, कारण एक्स्पो लावल्यावर बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. मग एएमडीने नव्या फर्मवेअरमधून १.३ व्होल्टची मर्यादा घातली. पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट केला, यूपीएसची बॅटरी तपासली आणि मगच सुरुवात केली. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डाचा ठोकळा होतो.

२० ऑक्टोबर
एक्स्पो १. व्होल्टेज १.३५, पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा ट्रेनिंग. विंडोजमध्ये ६००० दिसले. खरं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचं. प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून ६०००. सीएल ३० म्हणजे मागितलेला डेटा यायला ३० ठोके, अर्थात १० नॅनोसेकंद. ४८००ला सीएल ४० धरला तर साडेसोळाच्या वर जातात. माझ्या मते फरक खरा इथेच आहे.

भाच्याचं एवढ्यावर भागेना. रात्री त्याने ६४०० केलं. मशीन सुरू झालं, विंडोज आलं, गेमही खेळून झाला. "बघ, चालतंय की!" झोपण्याआधी मी मेमटेस्ट८६चा पेन ड्राइव्ह लावून ठेवला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग. मेमरी चुकली म्हणून मशीन तिथल्या तिथे बंद पडतंच असं नाही. एखादा बिट उलटतो, तो गुपचूप फाइलमध्ये जातो, आणि महिन्याभराने फोटोंचं फोल्डर उघडेनासं झालं की आपण हार्ड डिस्कला शिव्या घालतो. ६०००वर परत आणलं, टेस्ट पुन्हा लावली. पूजा, फराळ, फटाके उरकले तरी चालूच. शेवटी शून्य चुका.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ताई आली. तिला ओवाळू न देता हा मला आकडे दाखवत होता: ४८०० आणि ६०००मध्ये त्याच्या गेमला फ्रेम्सचा फरक जेमतेमच. व्हायचाच. या प्रोसेसरच्या पोटात ९६ एमबी एल३ कॅश आहे. डबा घरात भरलेला असल्यावर दर वेळी वाण्याकडे कोण पळणार? साध्या कॅशच्या प्रोसेसरला मेमरीची गती जास्त झोंबते. याने ६४००चा हट्ट धरला तो नेमका नको त्या मशीनवर.

दर वेळी ट्रेनिंगसाठी थांबायला नको म्हणून मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू केलं. त्यासोबत पॉवर डाउनही चालू ठेवलं, नाहीतर काही बोर्डांवर मशीन अस्थिर होतं.

पुढचं बायोस अपडेट हे सगळं पुसून टाकू शकतं, म्हणून इथे लिहून ठेवतो: एक्स्पो १, एफक्लॉक २०००, यूक्लॉक मेमरीइतकाच, एसओसी १.२ व्होल्ट, रीसाइझेबल बार चालू, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, हल्ली काही ऑनलाइन गेम त्याशिवाय उघडतच नाहीत.